बेरीज उतरते आहे का?

“गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही, असं किती दिवस झालं?” एकही दिवस नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, की जवळजवळ रोज? उत्तराला शून्य ते तीन गुण. पुढे झोप, थकवा, भूक. असे एकूण नऊ प्रश्न, बेरीज जास्तीत जास्त २७. ही नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली. बेरीज जितकी जास्त, तितकं नैराश्य तीव्र. २००१ साली आलेली, आज जगभर वापरली जाणारी.

“आता बरं वाटतंय” हे आपण पुष्कळदा समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतो. कागदावरची बेरीज मात्र १८ वरून १७ वरच आलेली असते. मग लक्षात येतं, उपचार बदलायला हवा. बेरजेवरच विसंबूनही चालत नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. बाकी गुण कितीही कमी असोत, तिथे ‘काही दिवस’ असं उत्तर आलं तरी हातातला कागद बाजूला ठेवून त्या माणसाशी तेव्हाच बोललं पाहिजे.

गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी ‘संगथ’ संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्याच तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी घेतली. काहींना केंद्रातले उपचार मिळाले, काहींना त्याच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी एखादं छोटं काम करायचं, अंगणात फेरी मारायची, बहिणीला फोन करायचा, अशी त्यांची पद्धत. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची बेरीज १० च्या खाली आली होती. इतरांत ३९ टक्के.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती समुपदेशकांचीच मोजणी. भेटींचं रेकॉर्डिंग व्हायचं. मग सगळे सहकारी एकत्र बसून ते ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे: मध्येच तोडलं का, घाईने सल्ला दिला का, गेल्या वेळी ठरलेल्या कामाची चौकशी केली का. आपला आवाज चारचौघांत ऐकणं सोपं नसतं. पण चुका दाखवणारी माणसं रोज तेच काम करणारी, त्यामुळे ते मनाला लागत नाही आणि पुढच्या भेटीत सुधारता येतं.

पुढे गोव्यातच नैराश्य आलेल्या २८० गरोदर स्त्रियांच्या चाचणीत आधाराचं काम ‘सखी’ करत होत्या. सखी म्हणजे वस्तीतलीच बाई, बाळंतपणातून स्वतः गेलेली.