फ्लोरिडातलं घरामागचं तळं

फ्लोरिडात नवी वसाहत उभी करायची तर आधी तळं खणावं लागतं. जमीन सपाट, भूजल अगदी वर, आणि उन्हाळ्यात दुपार झाली की धो धो पाऊस. छपरांवरून, रस्त्यांवरून येणारं हे पाणी साठवून, त्यातला गाळ बसवून मगच पुढे सोडायचं, असा नियम तिथे १९८०च्या दशकापासून आहे. त्यामुळे टॅम्पा-ऑर्लँडोकडे सोसायटी तिथे तळं, भोवती हिरवळ आणि फिरायला पायवाट. ‘वॉटर व्ह्यू’ म्हणून घराचे चार पैसे जास्त लागतात. ॲलिगेटरला, म्हणजे मगरीच्या तिथल्या भाऊबंदाला, मात्र तो फुकट मिळतो.

राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या अंदाजानुसार फ्लोरिडात सुमारे १३ लाख ॲलिगेटर आहेत आणि राज्यातल्या सर्वच्या सर्व ६७ काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) ते सापडतात. १९६७ मध्ये हाच प्राणी संकटग्रस्तांच्या यादीत होता. संरक्षण मिळालं, संख्या सावरली आणि १९८७ मध्ये त्याचं नाव त्या यादीतून निघालं. तेव्हा गोड्या पाण्याचं तळं दिसलं की आत ॲलिगेटर आहे असंच धरून चालावं. पाटी नसली तरी, आणि काल दिसला नव्हता तरी.

घाबरून घरात बसावं असं मात्र काही नाही. कुणी खोडी न काढता माणसाला चावल्याच्या आणि डॉक्टर गाठावा लागल्याच्या घटना राज्यभरात वर्षाला सरासरी आठच्या आसपास असतात. हा हिशेब माणसांचा. कुत्र्यामांजरांचा त्यात नाही. त्यांचा धोका का जास्त, ते समजायला ॲलिगेटरचं जेवण पाहावं लागतं. मासे, कासवं, पाणपक्षी, रॅकूनसारखे छोटे प्राणी, म्हणजे फार झटापट न करता ताब्यात येईल असं भक्ष्य तो निवडतो. उभा, धडधाकट माणूस त्या मापात सहसा बसत नाही. पाणी प्यायला वाकलेला कुत्रा बसतो. आणि काठाशी उकिडवं बसून पाण्यात हात घालणारं दोन वर्षांचं मूलही बसतं.

आता, त्या हाताची खबर त्याला लागते कशी? ॲलिगेटरच्या जबड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य काळपट उंचवटे असतात. हे काय आहेत, याचा उलगडा डॅफ्नी सोआरेस या संशोधिकेने २००२ मध्ये केला. पूर्ण अंधारात, कान बंद केलेल्या ॲलिगेटरच्या टाकीत पाण्याचा एक थेंब पडला तरी तो त्या दिशेला वळत होता. उंचवटे झाकले की वळत नव्हता. पाण्याच्या पृष्ठभागावरची लहर टिपणारी ही इंद्रियं आहेत. म्हणजे तोंड पाण्याच्या रेषेवर ठेवून पडून राहिलेल्या ॲलिगेटरला काठावर कोण काय चुबुकचुबुक करतंय ते बघायची गरजच नाही. कुत्रा लपक लपक पाणी पितो तो आवाज आपल्याला गोड वाटतो. त्याच्यासाठी ती थाळीवर मारलेली पळी आहे.

म्हणून सगळा खेळ काठाचा आहे. दबा धरून बसायचं आणि पाण्यातून एकदम झेप घ्यायची, ही त्याची पद्धत. जमिनीवर लांबवर पाठलाग करणं त्याच्या स्वभावात नाही. (वेडंवाकडं, नागमोडी पळावं हा सल्ला निव्वळ भाकड आहे. सरळ पळावं, पाण्यापासून लांब.) जून २०१६ मध्ये ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये रात्री तलावाकाठी वाळूत खेळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला ॲलिगेटरने ओढून नेलं. वडील पाण्यात धावले, पण मूल वाचलं नाही. ‘पोहू नये’ अशी पाटी तिथे होती, आणि मूल पोहत नव्हतंच. नंतर तिथे दगडी बांध आणि ॲलिगेटरचा स्पष्ट इशारा देणाऱ्या पाट्या आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्ट पीअर्सला तळ्याकाठी कुत्र्याला फिरवणाऱ्या ८५ वर्षांच्या बाई ॲलिगेटरच्या हल्ल्यात गेल्या. ॲलिगेटर आला होता कुत्र्यासाठी, कुत्रा वाचला.

यातून निघणारे नियम फार नाहीत. कुत्र्याचा पट्टा आखूड ठेवा. बटण दाबलं की लांबत जाणारा पट्टा तळ्याजवळ कुचकामी. चेंडू पाण्याच्या दिशेने फेकू नका. मूल आणि पाणी यांच्या मध्ये मोठं माणूस चालेल असं बघा. संध्याकाळ ते पहाट काठापासून लांबच राहा, कारण ॲलिगेटर मुख्यतः तेव्हा शिकार करतो. थंडीत, हवा साधारण २१ अंशांच्या खाली गेली की त्याचं खाणं थांबतं. एप्रिलपासून तो जागा बदलू लागतो आणि मे-जून हा मीलनाचा काळ. नेमक्या याच दिवसांत पुण्या-नाशिकहून आजी-आजोबा आलेले असतात, आणि दिवेलागणीला नातवंडाला घेऊन तळ्याला चक्कर मारणं हा त्यांचा नेम होऊन बसतो. चक्कर सकाळी उन्हं वर आल्यावर मारा, एवढंच.

आणखी एक सवय आपल्याकडून तिकडे जाते: माशांना कणकेच्या गोळ्या, कासवांना पोळीचा तुकडा. हेतू पुण्याचा असेल, पण मासे-कासवं जमली की त्यांना खाणाराही जमतो. मुद्दाम ॲलिगेटरला खाऊ घालणं तर फ्लोरिडात गुन्हाच आहे. माणूस दिसला की खाणं मिळतं हे एकदा शिकलेला ॲलिगेटर भीती विसरतो आणि जवळ येऊ लागतो. चार फुटांहून मोठा असा धीट झालेला ॲलिगेटर दिसला की आयोगाच्या हॉटलाइनवर कळवायचं असतं. पकडलेले असे ॲलिगेटर सहसा दुसरीकडे सोडत नाहीत, कारण ते परत येतात. त्यांना मारलं जातं.

ॲलिगेटरने पकडलंच तर प्रतिकार करायचा: डोळ्यांवर, नाकाडावर जोरात मारत राहायचं. जबडा मिटवणारे स्नायू प्रचंड ताकदीचे असल्यामुळे तो उघडायच्या नादात वेळ जातो. सुटका झाली तर जखम किरकोळ वाटली तरी दवाखाना गाठावा. या चाव्यातून जंतुसंसर्ग लवकर होतो.

ऑगस्टअखेरीस पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात. वीतभर लांबीची, काळ्या अंगावर पिवळे पट्टे, आणि चिवचिवल्यासारखा आवाज. मुलांना ती उचलून घ्यावीशी वाटणारच. पिल्लू पकडणं बेकायदा आहे, आणि त्या आवाजावर येणारी आई आठ-नऊ फुटांची असू शकते.