टाटा १२१० (बारा-दहा)

टाटा १२१० हा टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) बनवलेला दोन अ‍ॅक्सलचा, सहा चाकांचा मालट्रक. ड्रायव्हर लोक बारा-दहा म्हणतात. यातला बारा म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन साधारण १२ टन, आणि दहा म्हणजे शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर. हा हिशोब कळला की पुढची १६१३ वगैरे नावंही आपोआप उलगडतात. अर्थात १२ टन फक्त कागदावर, प्रत्यक्षात वाळू आणि उसाच्या गाड्यांनी हा आकडा कधी मनावर घेतलाच नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात रस्त्यावर जिकडेतिकडे हीच गाडी दिसायची. आज ती फारशी उरलेली नाही, पण ज्यांनी चालवली ते अजून तिच्याबद्दल तासभर बोलू शकतात आणि ज्यांनी नाही चालवली ते त्याहून जास्त बोलतात.

कुठून आली

टेल्को १९४५ साली जमशेदपूरला निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला, तोंडावर मर्सिडीजचा तारा घेऊनच. म्हणून जुने लोक आजही टाटाच्या ट्रकला मर्सिडीज किंवा बेंझ म्हणतात, उगाच थोरपणा म्हणून नाही, तसं खरंच लिहिलेलं असायचं. १९६९ ला करार संपला, तारा गेला, त्या जागी टाटाचा टी आला. गाडी मात्र आतून तीच राहिली. १२१० ही त्याच घराण्यातली.

या सगळ्यामागे जो माणूस होता तो मुंबईत १९०६ साली जन्मलेला, सुमंत मूळगावकर. टाटा सुमोचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यांचं मोठं काम ट्रकमध्ये आहे. पुण्याला पिंपरीच्या माळावर कारखाना उभा करताना त्यांनी तिथे झाडं लावली, तळं केलं. त्या कारखान्यातून १९७७ ला पहिली व्यावसायिक गाडी बाहेर आली आणि १९८६ ला ४०७.

इंजिन

सहा सिलिंडरचं डिझेल, मर्सिडीजच्या ओएम ३१२ वरून आलेलं. पुढे टाटाचं झालं तेव्हा नाव पडलं ६९२, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). नंतर ९७ बोअरचं ६९७ आलं. ओएम ३१२ मध्ये डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटायचं, त्यामुळे थंडीत सकाळी आधी हीटर लावून थांबायला लागायचं, घाई केली की नुसता पांढरा धूर. आणि इंजिन बंद करायला चावी फिरवून भागत नसे, वेगळी दोरी ओढायची, ती डिझेल तोडते.

ज्याने आयुष्यात ट्रकमध्ये पाय ठेवला नाही त्या मराठी माणसालाही हा आवाज ओळखीचा असतो, कारण एसटी. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये बॉडी चढवलेल्या कित्येक लाल गाड्यांच्या पोटात याच घराण्यातलं इंजिन असायचं. घाटात सेकंड गिअरला येणारा तो एकसुरी घुमणारा आवाज म्हणजे बऱ्याच जणांच्या मे महिन्याच्या सुट्टीचा आवाज आहे.

चालवणं

पॉवर स्टेअरिंग नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नाही, म्हणजे दांडा ओढला आणि गिअर पडला असं होत नाही, डबल क्लच मारायला लागतो. वरचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, आरपीएम जरा पडू द्या, परत क्लच दाबून गिअर. खालचा टाकताना उलटं, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका द्यायचा म्हणजे इंजिनचा वेग चाकाच्या वेगाला येऊन मिळतो, मग क्लच आणि गिअर. हे काट्याकडे बघून होत नाही, कानाने होतं. चुकलं की गिअरबॉक्स असा ओरडतो की शेजारचा क्लीनरसुद्धा हसतो, आणि भर चढावर चुकलं तर दोन्हीकडचा गिअर हातातून जातो, गाडी मागे सरकायला लागते आणि क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाकडे पळतो. गावाकडे ज्याला किन्नर म्हणतात तो हाच, आणि त्याचं खरं काम गाडी पुसणं कधीच नव्हतं.

उतारावरचा नियम त्याहून महत्त्वाचा. घाट ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे होते, अजूनही आहेत, पण भरलेली गाडी फक्त ब्रेकवर धरली की ड्रम तापतात, लायनर जळका वास सोडतात आणि मग पेडल दाबून काही होत नाही. एक्स्प्रेसवेच्या आधीचा बोरघाट, जुना खंबाटकी, कसारा, करूळ, आंबा या घाटांची जुन्या ड्रायव्हरांची आठवण म्हणजे मुख्यतः वळणांची आणि गिअरची आठवण असते. निसर्गाबिसर्गाचं वर्णन त्यांच्याकडून फार ऐकायला मिळत नाही.

केबिन

कंपनी गाडी बरेचदा बिनकेबिनची द्यायची. नुसतं चेसिस, पुढे तोंड, स्टेअरिंग आणि बसायला फळी. अशी उघडी चेसिस ओळीने जमशेदपूरहून शेकडो किलोमीटर चालवत आणायचे. ड्रायव्हरच्या तोंडाला फडकं, डोळ्यांवर गॉगल, बाकी ऊन-पाऊस-धूळ सगळं अंगावर. मग बॉडीवाल्याकडे सुतार लाकडी सांगाडा करून त्यावर पत्रा मारणार, हौदा आणि फाळके बसवणार, पेंटर रंगवणार. दोन गाड्या सारख्या नसायच्या ते म्हणूनच. नॅशनल परमिटच्या गाडीला सुक्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरी बॉर्डर हा नियमच होता, पण त्याबाहेर जेवढी जागा उरेल तेवढी पेंटरची. आईचा आशीर्वाद, मुलांची नावं, नाहीतर "बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं". हॉर्न ओके प्लीज तेवढं २०१५ ला महाराष्ट्र सरकारने बंद करायला लावलं.

हे सगळं फोटोत फार छान दिसतं. पण आखूड तोंडाच्या एसई मॉडेलमध्ये इंजिनचा अर्धा भाग केबिनच्या आत यायचा, बोनेटवर गादी टाकून वर पॅसेंजर बसवायचे, आणि मे महिन्यात ड्रायव्हरच्या डाव्या पायाची काय अवस्था व्हायची ते त्यालाच विचारा. कानाला दडे, पाठीचे मणके, आणि समोरासमोर धडक झाली तर लाकडी केबिनचा अक्षरशः भुगा. जुन्या गाडीच्या प्रेमात लिहिणारे लोक हा भाग गाळतात. ती गाडी मजबूत होती हे खरंय, पण मजबूत होती चेसिस, ड्रायव्हर त्या हिशोबात नव्हता. आता ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, आणि हे चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं असं म्हणणारे जुने ड्रायव्हरच जास्त भेटतात.

रस्त्याकडेची दुरुस्ती

मग इतकं प्रेम कशाचं, तर ते इथे आहे. डिझेल संपून लाइनमध्ये एअर धरली तर हँडपंप मारून, नट सैल करून एअर काढायची, बुडबुडे थांबले की नट आवळला, झालं. पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, तुटला तर पुढच्या गावात पाटेवाला मिळणारच. पंक्चर काढणं मात्र जीवावरचं काम, ट्यूबचा टायर, वीस इंची रिम, आणि त्याची लॉकरिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी उडते, माणसं मेलीयत त्याने. क्लच प्लेट, लायनर-पिस्टन, हेड हे सगळं झाडाखाली ताडपत्री टाकून उघडलं जायचं आणि पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळायचा. रस्त्यावर कोणी हात लावायचं नाही अशी एकच वस्तू, इंजिनला डिझेल मारणारा मायको कंपनीचा पंप. तो खोलून पंपवाल्याकडेच न्यायचा, आणि तिथे मालक हळूच सांगणार की डिझेल जरा वाढवून दे, चढाला कमी पडते. त्या वाढवलेल्या डिझेलचा काळा धूर सगळ्यांनी गिळलाय.

आजच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाडीत सेन्सर रुसला की लॅपटॉप येईपर्यंत गाडी उभी. गाडी चांगली आहे, ड्रायव्हर आरामात आहे, पण बिघाडात त्याला करण्यासारखं काही राहिलं नाही, फोन करून बसायचं. बारा-दहाची आठवण काढणारे बहुतेक जण खरं तर याचीच तक्रार करत असतात.

आता कुठे दिसते

लांब पल्ल्यावर जवळपास नाहीच. शेवटची वर्षं बऱ्याच गाड्यांनी साखर कारखान्यांच्या सीझनमध्ये उसावर काढली, मग तीही जागा ट्रॅक्टर-ट्रॉलीने घेतली. काही पाण्याचे टँकर झाल्या, काही वीटभट्टीवर, काहींवर बोअरवेलचं मशीन चढलं. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांची फिटनेस फी कित्येक पटींनी वाढल्यावर छोट्या मालकांना हा खेळ परवडेना, त्यामुळे उरलेल्याही भराभर भंगारात जातायत. भंगारवाला चेसिस आणि ब्लॉक वजनावर घेतो, पाट्यांना मात्र वेगळं गिऱ्हाईक असतं, कारण लोहाराला कोयत्यासाठी त्या पोलादासारखं दुसरं काही चालत नाही.