पार्श्वभूमी : गाईचं वेत, हंगाम आणि ‘फॅट’

डेअरीवर ‘फॅट’ म्हणजे दुधातल्या चरबीचा टक्का. २० लिटरच्या गाईला ३.५ लागली आणि १२ लिटरच्या पहिलारूला (पहिल्यांदा व्यायलेल्या गाईला) ३.९, की कौतुक पहिलारूचं होतं. प्रत्यक्षात मोठी गाय दिवसाला सुमारे ७२० ग्रॅम चरबी देते, पहिलारू ४८०. व्यायचं वय आणि हंगाम यांनी चरबी किती बदलते, या चर्चेतला निम्मा गोंधळ या एका शब्दाने केला आहे. अभ्यासक ३०५ दिवसांच्या वेतातले चरबीचे किलो मोजतात, आपल्याला पावतीवरचा टक्काच दिसतो. वयाबरोबर किलो वाढतात, साधारण चौथ्या-पाचव्या वेतापर्यंत. टक्का त्याच सुमारास किंचित खालीच येतो, आणि ‘म्हातारी झाली, फॅट लागेना’ म्हणून ऐन भरातली गाय बाजारात जाते.

टक्का मोजणं १८९० च्या दशकात सोपं झालं. ब्युटायरोमीटरमध्ये, म्हणजे चरबी मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिलि गंधकाम्ल, वर पावणेअकरा मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल. नळी हाताला चटका देते. यंत्रात फिरवली की पिवळी चरबी मानेत चढते. १८९५ मध्ये डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी गाईगणिक नोंदी सुरू केल्या आणि किलोंचा हिशेब शक्य झाला.

मग लहान गाईचं दूध मोठीच्या मापात आणायचे गुणक निघाले, आणि वाद पेटला. सगळ्या पहिलारूंची सगळ्या थोराड गाईंशी तुलना केली, तर वयाचा परिणाम फुगतो, कारण कमी दुधाच्या गाई आधीच विकलेल्या असतात. एकाच गाईची दोन वेतं ताडली तर तो आकसतो, कारण जिचं पहिलं वेत जमलं तीच दाव्याला राहते. माझ्या मते दुसरी चूक कमी घातक. निदान तरुण गाईला फुकटचे गुण मिळत नाहीत.

आपल्याकडे संकरित कालवडी आल्यावर पहिलं वेत बरंच लवकर येऊ लागलं. भाव मात्र टक्क्यालाच चिकटला. राज्यात गाईच्या दुधाची किमान मर्यादा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (चरबी सोडून उरलेले घनपदार्थ) होती. पुढे देशभर ३.२ आणि ८.३ झाली. तरी २०२३ मध्ये सरकारने लिटरला ३४ रुपयांचा दर जाहीर केला तो ३.५/८.५ लाच. त्याखाली दर पॉइंटमागे (टक्क्याच्या दहाव्या भागामागे) कपात.

ही कपात उन्हाळ्यात सर्वांत बोचते. उष्म्याने गाय वैरण कमी खाते, रवंथ मंदावतो आणि चरबी उतरते. पावसाळ्यातल्या कोवळ्या, पाणीदार चाऱ्यानेही तेच होतं. चैत्र-वैशाखात व्यायलेल्या गाईचा दुधाचा भर, व्याल्यानंतरचा दीड-दोन महिन्यांचा काळ, उन्हातच जातो, आणि तिथे बुडालेले किलो पुढे भरून निघत नाहीत. कार्तिकात व्याली तर तोच भर थंडीत, मका आणि लसूणघासावर येतो. त्यासाठी रेतन पौष-माघात करावं लागतं.