सरावाच्या तलवारीची पाचशे वर्षे

दोन्ही हातांनी चालवायच्या युरोपीय लाँगस्वर्डची बोथट प्रतिकृती पाहिली की अनेकांना ती आजच्या सुरक्षानियमांपायी आलेली तडजोड वाटते. खरे तर बोथट तलवारीलाही स्वतःचा जुना वंश आहे.

14व्या-15व्या शतकात चिलखत पोलादी पत्र्याचे झाले तशी तलवार लांब आणि टोकाकडे निमुळती होत गेली, कारण सांध्यांतल्या फटीत टोक घुसवायचे असे. तरी ती अवजड नव्हती. बहुतेकींचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. जर्मन प्रदेशात उस्ताद योहानेस लिश्टेनाउअरने ती चालवण्याची विद्या गूढ ओव्यांत बांधली आणि पुढच्या उस्तादांनी त्यांवर भाष्ये लिहिली. इटलीचा उस्ताद फिओरे देई लिबेरी सांगतो की, आपण पाच वेळा धारदार तलवारींनी लढलो आणि तेव्हा अंगात फक्त जाड बंडी व हातांत चामडी मोजे होते. असा धोका रोजच्या तालमीत पत्करणे शक्यच नव्हते.

म्हणून सरावासाठी वेगळे हत्यार घडले. आज त्याला ‘फेडर’, म्हणजे पीस, म्हणतात. पाते अरुंद, लवचीक आणि बिनधारेचे; मुठीपुढे मात्र एकदम रुंद. ही रुंदी मला या हत्यारातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. पाते पातळ केल्याने कमी झालेले वजन ती हाताजवळ भरून काढते, त्यामुळे लवचीक असूनही तलवार हातात पोरकी वाटत नाही.

1487मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने ‘मार्क्सब्रुडर’ या तलवारबाजांच्या संघाला सनद दिली. 1570मध्ये स्ट्रासबुर्गला योआकिम मायरचा तलवारबाजीवरचा सचित्र ग्रंथ छापला गेला. त्यातल्या चित्रांत हेच फेडर दिसते. तोवर रणांगणावर लाँगस्वर्डचे महत्त्व ओसरले होते, पण शाळांतून ती जिवंत होती. तिथल्या सामन्यांत भोसकणेही मागे पडले होते.

पुढे ही परंपरा तुटली. 19व्या शतकाअखेर इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हटन आणि एगर्टन कासल या तलवारबाजांनी जुने ग्रंथ उघडून प्रयोग केले. 1990च्या दशकापासून हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती येऊ लागली, तसे ही विद्या पुन्हा शिकणारे गट वाढले.

प्रतिकृती घेताना म्हणूनच हेतू आधी ठरवावा. इतिहासाच्या सादरीकरणाला युद्धातल्या तलवारीचे रूप हवे, तिथे जाड, गोलसर कडांचे पाते चालते. लढतीच्या सरावाला मात्र टोचल्यावर वाकणारे फेडरच हवे. ताठ पाते जाळीच्या मुखवट्याआडच्या माणसालाही इजा करू शकते.