गर्दीत उघडलेली छत्री

संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर मिटलेली छत्री काखेत मारून चाला, वाट निघते. तीच छत्री चुकून उघडली, की चार जणांची बोलणी खात जागच्या जागी अडकलात म्हणून समजा. शिकारी रायफलच्या गोळ्यांत फरक असतो तो हाच: कुठली मिटलेली राहते, कुठली उघडते आणि कुठलीच्या काड्याच मोडतात.

१० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघाली, तर तिच्यात ३,२०० ज्यूल ऊर्जा असते. वेग निम्मा झाला की उरते पाव, म्हणजे ८००. पण जनावराच्या अंगात यातली किती उतरते, हे गोळीच्या घडणीवर ठरतं. पूर्ण कवचातली, म्हणजे टोकापर्यंत कडक धातूने मढवलेली शिशाची गोळी पुष्कळदा आरपार जाते. हरीण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडत मरतं. म्हणून शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं किंवा पोकळ ठेवतात. मांसात शिरताच ती अळंबीसारखी फुलते.

ही युक्ती १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यामुळे गाजली आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धापुरती निषिद्ध ठरली. माणसावर झाडली तर क्रूर, हरणावर झाडली तर दया!

फुलणं जमलं, पण वेगवान गोळी हाडावर आपटून वरच्यावर फुटायची. अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४०च्या दशकात गोळीच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत घातली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. पुढे निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या. त्या पाकळ्यांसारख्या उघडतात आणि वजन जवळपास सगळं टिकवतात. मात्र तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. शिवाय कडक, म्हणून दूरवर वेग मंदावला की नीट उघडत नाही.

मग शिसंच का नको? एक्स-रेमध्ये हरणाच्या जखमेपासून बऱ्याच अंतरावरही शिशाचे बारीक कण दिसतात. शिकाऱ्यांनी टाकून दिलेली असली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडं मेली. तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. आपली गिधाडं गेली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, आणि येऊरच्या जंगलात शिकारीला कायद्यानेच मज्जाव. पण ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे स्पेन-मेक्सिकोतले भाऊबंद शिशाने मेले आहेत. दाणा दळायला खडे समजून त्यांनी चिखलातले बंदुकीचे छरे गिळले होते.