बांधकामाची माती ओढ्यात जाऊ नये म्हणून: अमेरिकेतलं ईपीएचं परमिट, पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरून बांधकाम करायचं असेल, तर पहिला डोझर लागण्याआधी पावसाच्या वाहत्या पाण्याचं परमिट हातात असावं लागतं. क्लीन वॉटर ॲक्टखाली ही अट आहे आणि घर, गोदाम, रस्ता, शाळा अशा सगळ्या कामांना ती लागू होते. अर्जाचा फॉर्म लहान आहे, माहिती तयार असेल तर एका बैठकीत भरून होतो. वेळ लागतो तो त्याआधीच्या आराखड्याला, आणि नेमका तोच भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. म्हणून इथे फॉर्मपेक्षा आराखड्याबद्दल जास्त सांगितलं आहे.

परमिट कोणाकडून घ्यायचं

बहुतेक राज्यं हे परमिट स्वतः देतात. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात काम असेल तर राज्याचाच अर्ज, फी आणि नियम. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, न्यू मेक्सिको, वॉशिंग्टन डीसी, प्वेर्तो रिको आणि मूलनिवासी जमातींच्या बहुतांश जमिनींवर मात्र थेट ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचं, कन्स्ट्रक्शन जनरल परमिट लागतं. सध्याचं परमिट १७ फेब्रुवारी २०२२ रोजी लागू झालं आणि त्याची मुदत १६ फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे. पुढची सगळी माहिती या परमिटची आहे. राज्यांची परमिटं साधारण याच साच्यातली असतात, पण दिवस आणि मापं बदलतात. एका राज्याचा आराखडा दुसरीकडे जसाच्या तसा चालवू नका.

पात्रता

एक एकराची मर्यादा प्लॉटच्या क्षेत्रफळावर नाही, उघड्या पडणाऱ्या जमिनीवर मोजतात. दहा एकरांच्या प्लॉटवर पाऊण एकरच उकरणार असाल तर परमिट लागत नाही. उलट बाजूने फसगत जास्त होते. बारा प्लॉटांचं एकच लेआउट आहे, प्रत्येक प्लॉट एक तृतीयांश एकराचा आहे आणि तुम्ही त्यातल्या एकाच प्लॉटवर बांधताय. तरी परमिट लागतं, कारण एकर मोजताना संपूर्ण लेआउट धरतात. जुन्या रस्त्याची किंवा चराची मूळ पातळी आणि क्षमता टिकवण्यापुरती नेहमीची देखभाल असेल, तर ती यात येत नाही.

अर्जदाराला परमिटच्या भाषेत ऑपरेटर म्हणतात. नकाशे आणि स्पेसिफिकेशन बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो, आणि जागेवरच्या रोजच्या कामावर ज्याचं नियंत्रण आहे तो. म्हणजे बहुधा मालक किंवा डेव्हलपर एक आणि मुख्य कंत्राटदार दुसरा. दोघांनीही वेगवेगळा अर्ज भरायचा असतो, आराखडा मात्र एकच सामाईक चालतो. एकाने भरला की झालं, असं धरून चालणं हा पुष्कळ ठिकाणी दिसणारा घोळ आहे.

याशिवाय दोन तपासण्या अर्जाआधीच संपवाव्या लागतात. पहिली धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींची: जागेच्या आसपास संरक्षित प्रजाती किंवा त्यांचा अधिवास आहे का, हे यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या आयपॅक या ऑनलाइन साधनावरून काढायचं, किनाऱ्याजवळ असाल तर नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिसचीही यादी पाहायची. दुसरी ऐतिहासिक वास्तू आणि पुरातत्त्वीय अवशेषांची. चर, बांध, तलाव अशा कामांसाठी नव्याने खोदाई होणार असेल आणि ती जमीन पूर्वी उकरलेली नसेल, तर राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाला कळवावं लागू शकतं. उत्तरासाठी त्यांना १५ दिवस असतात, ते वेळापत्रकात धरा.

पाच एकरांपेक्षा कमी काम कोरड्या हंगामात उरकणार असेल, तर सूट मागता येते. पावसाच्या माती झोडपण्याच्या ताकदीचा जो आर-अंक असतो, तो कामाच्या काळापुरता ईपीएच्या कॅल्क्युलेटरवर काढायचा. पाचपेक्षा कमी आला तर परमिटऐवजी सूट मागणारा अर्ज भरता येतो. काम लांबलं की हिशेब पुन्हा करायचा, आणि आकडा पाचवर गेला की पूर्ण परमिट घ्यायचं.

आधी आराखडा

आराखड्याचं लांबलचक नाव स्टॉर्मवॉटर पोल्यूशन प्रिव्हेन्शन प्लॅन, साइटवर सगळे ‘स्विप’ म्हणतात. तो अर्जाच्या आधी पूर्ण हवा. ईपीएला आपणहून पाठवायचा नसतो, पण साइटवर तो लगेच काढून दाखवता आला पाहिजे. संगणकावर असला तरी चालतो.

त्यात असायला हवं ते असं: आराखडा राबवणाऱ्या माणसांची नावं आणि जबाबदाऱ्या, कामाचं स्वरूप, कोणता भाग कधी उघडणार आणि कधी झाकणार याचा क्रम, प्रत्येक उपायाचं वर्णन आणि डिझाइन, देखभाल व तपासणीची पद्धत, प्रशिक्षणाच्या नोंदी, इंधन, रंग आणि काँक्रीट धुतलेलं पाणी कुठे जाणार ते, वर सांगितलेल्या दोन्ही तपासण्यांचे कागद आणि सही केलेलं प्रमाणपत्र. नकाशावर हद्द, कामाआधीचे आणि नंतरचे उतार, पाणी कुठून येऊन कुठे बाहेर पडतं ते बिंदू, मातीचे ढीग, वाहनांची बाहेर पडण्याची जागा, गटारांची तोंडं, आणि बाहेर पडणाऱ्या बिंदूपासून खाली एक मैलापर्यंतचे ओढे-नद्या दाखवायच्या.

यातला खरा जीव कामाच्या क्रमात आहे. एकदा माती पाण्यात मिसळली की तिला खाली बसवणं अवघड असतं. स्थिर पाण्यात ०.१ मिमीची बारीक वाळू एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेते. ०.०२ मिमीच्या पोयट्याच्या कणाला पाऊण तास लागतो. ०.००२ मिमीच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून जास्त. कुठलीही जाळी किंवा तळं चिकणमातीचं पाणी एवढा वेळ धरून ठेवत नाही. म्हणून गाळ अडवण्याच्या साधनांची यादी वाढवण्यापेक्षा एका वेळी उघडी जमीन कमी ठेवणं, आणि मातीकाम झालं की ती लगेच झाकणं, याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

परमिटही तेच बंधनाने करायला लावतं. एखाद्या भागातलं मातीकाम कायमचं संपलं, किंवा १४ दिवस वा जास्त थांबणार असेल, तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर पेरणी, गवताचं आच्छादन किंवा धूपरोधक चटई यांची सुरुवात व्हायला हवी. एका वेळी पाच एकरांपर्यंत जमीन उघडी असेल तर हे काम १४ दिवसांत पूर्ण करायचं, त्याहून जास्त असेल तर ७ दिवसांत. मोठ्या साइटचे टप्पे पाडून एका वेळची उघडी जमीन पाच एकरांच्या आत ठेवली, तर पेरणीला दुप्पट वेळ मिळतो.

ओढा, नदी किंवा तळं ५० फुटांच्या आत असेल तर काठाशी ५० फुटांचा नैसर्गिक पट्टा न छेडता ठेवायचा. जमत नसेल तर पट्टा कमी ठेवून तेवढाच गाळ अडवणारे उपाय करायचे आणि त्याचा हिशेब आराखड्यात मांडायचा.

गाळ बसवण्यासाठी तळं बांधायचं असेल तर आकार दोनपैकी एका रीतीने ठरतो: दोन वर्षांत एकदा येणाऱ्या २४ तासांच्या पावसाचं वाहतं पाणी, किंवा पाणी येणाऱ्या प्रत्येक एकरामागे ३,६०० घनफूट. चार एकरांसाठी १४,४०० घनफूट, म्हणजे सुमारे ४०८ घनमीटर. पाणी तळातून नाही, वरच्या थरातून बाहेर सोडायचं, नाहीतर जमलेला गाळच आधी निघून जातो. आणि साठवणक्षमता निम्म्यावर यायच्या आत तळं उपसायचं.

सिल्ट फेन्सबद्दल, म्हणजे खुंट्यांवर ताणलेल्या कापडाच्या कुंपणाबद्दल, थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत जास्त चुकीचं बसवलं जाणारं साधन हेच. ते गाळण नाही. पाणी त्याच्यामागे साचून संथ होतं आणि गाळ खाली बसतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळे ते समपातळी रेषेवर लावायचं आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवायची. उतारावर सरळ खाली नेलं तर पाणी कापडाच्या कडेने धावतं आणि नवा चर पाडतं. १०० फुटांमागे पाव एकराहून जास्त क्षेत्राचं पाणी त्यावर सोडू नये, हा डिझाइनमधला सर्वमान्य अंदाज आहे. खुंट्या उताराच्या खालच्या बाजूला, आणि कापडाची खालची कड सुमारे सहा इंच चरात पुरून माती दाबलेली. ही कड न पुरल्यामुळेच बहुतेक फेन्स निकामी होतात, पाणी सरळ खालून निघून जातं. वाहत्या चरात किंवा ओढ्यात फेन्स आडवं लावूच नये, पहिल्या जोरदार सरीत ते उखडतं. गाळ फेन्सच्या जमिनीवरच्या उंचीच्या निम्म्यावर येण्याआधी काढायचा.

वाहनांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर खडीचा पट्टा असतो. तरीही रस्त्यावर चिखल आला तर त्याच दिवशी काढायचा, आणि पाणी मारून गटारात ढकलायचा नाही. १४ दिवस किंवा त्याहून जास्त हात न लागणारे मातीचे ढीग झाकायचे.

अर्ज भरताना

अर्जाला एनओआय (नोटिस ऑफ इंटेंट) म्हणतात आणि तो ईपीएच्या ऑनलाइन प्रणालीत, सीडीएक्समधून, भरायचा असतो. काम सुरू करायच्या किमान १४ दिवस आधी तो सादर झालेला हवा. पूर्ण अर्ज मिळाल्याचं ईपीएने कळवल्यापासून १४ दिवसांनी परवानगी लागू होते, मधल्या काळात ईपीएने काम थांबवायला सांगितलं नाही तर. आपत्तीनंतरची तातडीची कामं आधी सुरू करता येतात, अर्ज ३० दिवसांच्या आत.

लागणारी माहिती: ऑपरेटरचं नाव-पत्ता, जागेचे अक्षांश-रेखांश, सुरू आणि संपण्याच्या अंदाजे तारखा, उघडी पडणारी जमीन पाव एकराच्या अचूकतेने, पाणी कोणत्या ओढ्या-नदीत किंवा शहराच्या गटारयंत्रणेत जातं, ते पाणी गाळामुळे आधीच बिघडलेलं म्हणून नोंदलेलं आहे का, आणि दोन्ही तपासण्यांमध्ये तुम्ही कोणत्या निकषात बसता.

सही कोण करतं यावरून बरेच अर्ज अडतात. कंपनी असेल तर अध्यक्ष किंवा त्या कामाची जबाबदारी असलेला उपाध्यक्ष यांच्यासारखा अधिकारी, सार्वजनिक संस्थेत प्रमुख कार्यकारी अधिकारी. साइट मॅनेजरला फॉर्म तयार करता येतो, एनओआय प्रमाणित करता येत नाही. तपासणी अहवालांवर तो सही करू शकतो, त्यासाठी लेखी अधिकारपत्र लागतं. सही करणाऱ्याचं सीडीएक्स खातं आणि ओळख पडताळणी आधीच उरकून ठेवा.

मंजुरीनंतर परमिटचा क्रमांक असलेला फलक साइटजवळ, सार्वजनिक रस्त्यावरून वाचता येईल असा लावायचा.

काम चालू असताना

तपासणी एकतर दर ७ दिवसांनी, किंवा दर १४ दिवसांनी आणि शिवाय २४ तासांत पाव इंच पाऊस झाला की २४ तासांच्या आत. दुसरा पर्याय कागदावर सोपा वाटतो, पण त्यात पावसाच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि ओल्या महिन्यात तपासण्या जास्तच होतात. गाळाने बिघडलेल्या किंवा खास संरक्षित पाण्यात निचरा होत असेल तर दर ७ दिवसांनी आणि पावसानंतरही, दोन्ही करावं लागतं. खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसताय, त्या प्रत्येक दिवशी तपासणी. ते अशाच संवेदनशील पाण्यात सोडत असाल तर रोज गढूळपणाचा नमुना घ्यायचा आणि आठवड्याची सरासरी ५० एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचं एकक) वर गेली की कारवाई करायची. तपासणी करणाऱ्याने ईपीएचा कोर्स किंवा मान्य प्रमाणपत्र पूर्ण केलेलं असावं. अहवाल २४ तासांत.

किरकोळ दुरुस्ती पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर, नवं साधन बसवायचं असेल तर ७ दिवसांत. एकाच ठिकाणी तीच डागडुजी तिसऱ्यांदा करावी लागली तर बहुतेक वेळा डिझाइनच चुकलेलं असतं, आणि परमिटही तिला नुसती देखभाल न मानता सुधारणात्मक कारवाईत धरतं.

परमिट बंद करताना

इमारत उभी राहिली म्हणून परमिट संपत नाही. उघडी राहिलेली सगळी जमीन कायमची झाकली गेलेली हवी. तिथल्या मूळ वनस्पतींचं जेवढं आच्छादन असतं, त्याच्या निदान ७० टक्के बारमाही हिरवळ समान उगवलेली हवी, किंवा फरशी, खडी असं पक्कं आच्छादन. तात्पुरती साधनं काढून, जमिनीचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडून ३० दिवसांत एनओटी (नोटिस ऑफ टर्मिनेशन), म्हणजे परमिट बंद करण्याचा अर्ज, भरायचा. सिल्ट फेन्स तसंच विसरून राहिल्यामुळे हा अर्ज अडतो, आणि परमिट चालू असेपर्यंत तपासण्याही चालूच राहतात. सगळे कागद त्यानंतर तीन वर्षं जपून ठेवायचे.