डांबर आणि मुरूम यांच्यामधला टायर

मुलुंडहून सायकलने ठाण्याच्या येऊरच्या डोंगराकडे निघालं की आधी एलबीएस मार्गाचं काँक्रीट लागतं, मग मेट्रोच्या कामाशेजारचे उचकटलेले पेव्हर ब्लॉक, तीन हात नाक्याची गर्दी, उपवन तलाव आणि तिथून वर चढणारा डांबरी रस्ता. माती त्याच्याही पुढे. उन्हाळ्यात मुरूम आणि पालापाचोळा, पावसाळ्यात लाल चिखल. निम्म्याहून कितीतरी जास्त अंतर पक्क्या रस्त्यावरच जातं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ तर पूर्ण डांबरी आहे. तरीही माउंटन बाइक घेतली की जो तो दुकानात सगळ्यांत जाड नक्षीचा टायर मागतो आणि कारण एकच सांगतो: पावसात पकड हवी.

मीही तेच सांगून तसाच टायर घेतला होता. बोटाच्या पेराएवढे रबरी ठोकळे, रुंदी सव्वादोन इंच. दुसऱ्याच पावसाळ्यात, एका सोसायटीच्या उतारावरच्या ओल्या काँक्रीटवर, माणूस चालेल इतक्याच वेगात वळताना पुढचं चाक खालून निघून गेलं. कोपर सोलवटलं, हँडल वाकडं झालं. भांडुपच्या ज्या मेकॅनिककाकांकडे सायकल नेली, त्यांनी हँडलला हातही लावला नाही. आधी टायरच्या एका ठोकळ्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतेना. मग शेजारी दुरुस्तीला आलेली एका डबेवाल्याची सायकल पुढे ओढली आणि तिच्या टायरवर तेच नख दाबलं. बारीक रेघांचा, जवळजवळ गुळगुळीत टायर, पण रबरावर नखाची चंद्रकोर उमटली. म्हणाले, “दादा, हा माणूस जुलैत डब्यांचं ओझं घेऊन फिरतो. नक्षी बघू नका, रबर बघा.”

पकड म्हणजे नक्षी, ही समजूत आपल्यात कुठून आली, याचा शोध मी त्या दिवसापासून घेतला. तो टायरच्या जन्मापर्यंत मागे जातो.

१८८७ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्ये नोंदवून ठेवली होती हे नंतर उघड झालं आणि डनलॉपचं पेटंट टिकलं नाही. पण डनलॉपला काय हवं होतं ते महत्त्वाचं आहे. तो घसरण्यावर उपाय शोधत नव्हता. दगडी फरशांवरून जाताना पोराला हादरे बसत होते, ते त्याला थांबवायचे होते. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टमध्ये अशा टायरांवर शर्यती जिंकल्या, तेव्हा लोकांना कळलं की जो टायर आरामाचा तोच वेगाचाही आहे. खडबडीत रस्त्यावर कडक चाक उसळतं आणि प्रत्येक उसळीत जोर वाया जातो. हवेचा टायर खड्डा गिळून पुढे जातो. मिश्र रस्त्यावर टायर निवडताना पहिला विचार आजही हाच करावा लागतो, आणि त्यात नक्षीचा संबंधच नाही.

मुंबईत वर्षानुवर्षं चालली ती सायकलही याच घराण्यातली. काळी, भक्कम, मागे कॅरिअर, २८ × १½ चे रेघांचे टायर. दूधवाला, पाववाला, डबेवाला, गिरणीकामगार सगळ्यांची हीच. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, तिथल्या रस्त्याला अजून हिंद सायकलचंच नाव आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी याच मुंबईतून बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. अंतर ४४,००० मैल, म्हणजे जवळपास ७१,००० किलोमीटर. वाटेत वाळवंटं होती, जंगलं होती, आणि माउंटन बाइक हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावरही आला नव्हता. टायरवरून वाद सुरू झाला की मला हे तिघे आठवतात.

जाड टायरचा उगम अमेरिकेत, तोही पोरांच्या सायकलींत. १९३३ मध्ये इग्नाझ श्विनच्या कंपनीने २६ × २.१२५ मापाचा, कमी हवेवर चालणारा फुगीर टायर आणला. पेपर टाकणाऱ्या पोरांनी सायकल कशीही आपटली तरी चाक टिकावं, असा तो टायर होता. चाळीस वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतल्या तरुणांनी या जुन्या सायकली अडगळीतून काढल्या आणि डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळ ‘रिपॅक’ची पहिली शर्यत झाली. सुमारे तीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार. उलटं पेडल मारून लागणारा मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. रिपॅक हे नाव त्यावरूनच पडलं. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही मंडळी त्याच गोतावळ्यातली. १९७७ मध्ये ब्रीझने या कामासाठी खास फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही माउंटन बाइक कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली.

त्या टायरांना ठोकळे होते ते कोरड्या, सैल, धुळीच्या उतारासाठी. अशा जमिनीत ठोकळा रुततो, माती पकडतो, चाक थांबवतो. वरची सैल माती बाजूला सारून खालच्या घट्ट थरात दात रोवायचे, एवढंच नक्षीचं काम. काँक्रीटमध्ये रुतायला जागाच नाही. तिथे ठोकळ्यांची फक्त डोकी टेकतात, म्हणजे रस्त्याला लागणारं रबर उलट कमी होतं. वळताना ठोकळे आडवे वाकतात आणि चाक अंगाखाली वळवळल्यासारखं वाटतं. प्रत्येक ठोकळा वाकून सरळ होताना थोडी ताकद खातो, तीच आपल्याला एलबीएसवरच्या त्या घरघरीतून ऐकू येते.

पाणी बाहेर टाकायला नक्षी लागते, हा समज मोटारीवरून आलाय. मोटारीचा टायर सपाट आणि रुंद असतो, वेगात त्याच्याखाली पाणी अडकतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांचा अभ्यास करून सूत्र काढलं, त्यात हा तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. ४० पीएसआय दाबाला तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. शिवाय सायकलचा टायर गोल आणि अरुंद, होडीच्या नाळेसारखा पाणी कापणारा. सायकल पाण्यावर तरंगत नाही. ती घसरते तेलावर, रंगवलेल्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर आणि शेवाळावर. शेवाळावर तर कुठलाच टायर धड धरत नाही, तिथे वेगच कमी करायचा.

मग आपल्याकडे नक्षीचं एवढं वेड कसं आलं? माझ्या मते त्याचं उत्तर नव्वदच्या दशकात आहे. सरळ हँडल, जाड नळ्यांची फ्रेम आणि ठोकळ्यांचे टायर असलेली सायकल तेव्हा शहराशहरांत पोचली. हीरोच्या मॉडेलवरून तिला सगळे सरसकट ‘रेंजर’ म्हणायचे, मग ती कुणीही बनवलेली असो. शाळेच्या सायकलस्टँडवर तीत आणि बाबांच्या काळ्या सायकलीत सगळ्यांत ठळक फरक दिसायचा तो टायरचा. कॅलिफोर्नियात डोंगर आधी होता, टायर नंतर आला. मुंबईत टायर आधी आला, पायवाटा शोधणारे स्वार पुष्कळ नंतर. चाळीच्या बोळात आणि सोसायटीच्या आवारात तो टायर ताकदीची खूण म्हणून फिरला. ते चित्र आमच्या पिढीच्या मनात इतकं घट्ट बसलंय की चाळिशीतही दुकानात तोंडातून तेच निघतं.

रेंजरने आणखी एक घोळ मागे ठेवला, तो मापांचा. जुनी लेडीज सायकल ‘सव्वीस’ची आणि रेंजरही ‘सव्वीस’ची, पण एकीचा टायर दुसरीला बसत नाही. २६ × १⅜ हा अपूर्णांकातला टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, २६ × १.९५ हा दशांशातला टायर ५५९ च्या. मोठी काळी सायकल ६३५ ची. ही ५५९ म्हणजे श्विनच्या त्या पेपरवाल्या पोरांच्या सायकलीचीच रिम. मरीनमधल्या मंडळींनी अडगळीतून तीच उचलली, म्हणून जगभरच्या माउंटन बाइक पुढची दोन-तीन दशकं सव्वीसच राहिल्या. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी या कंपनीने नॅनोरॅप्टर हा टायर २९ इंची मापात काढला तेव्हा मोठ्या चाकाचं दार उघडलं. त्याची रिम ६२२ ची, म्हणजे रोड आणि हायब्रिड सायकलींच्या ७०० सी ची तीच. मधलं २७.५ हे तर जुनं फ्रेंच माप ६५० बी, रिम ५८४. दुकानात इंचांवर विसंबू नये. टायरच्या कडेवर ५४-५५९ असा जोडआकडा कोरलेला असतो: पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा आकडा आपल्या जुन्या टायरशी जुळलाच पाहिजे.

रस्ता आणि माती दोन्हींचा टायर हवा, ही मागणी मुंबईचीच आहे असं नाही. रिपॅकच्या टोळीतल्या टॉम रिचीनेच रस्त्यासाठी ‘टॉम स्लिक’ नावाचा गुळगुळीत टायर काढला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॅनारेसर कंपनीच्या ‘डार्ट’ आणि ‘स्मोक’ या टायरांची जोडी गाजली. डार्ट पुढे, स्मोक मागे. पुढच्या चाकाचं काम वळायचं आणि मागच्याचं ढकलायचं, तेव्हा दोन्हीकडे एकच नक्षी कशाला, हा विचार त्या जोडीने रुजवला. पाठोपाठ मधोमध बुटकी नक्षी आणि कडेला मोठे ठोकळे असे सेमी-स्लिक टायर आले. आणि २००६ पासून कॅन्ससमधल्या एम्पोरियाच्या खडीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या, त्यांतून चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे ग्रॅव्हल टायर वाढले. २९ इंची सायकल असेल आणि रिम फार रुंद नसेल, तर हे टायर तिच्यावरही चढतात, हा ६२२ चा फायदा.

सेमी-स्लिकमध्ये एक खोच आहे. काही टायरांत मधला पट्टा आणि कडेचे ठोकळे यांच्यात मोकळी खाच असते. सरळ जाताना मजा वाटते, वळायला झुकलं की चाक पट्ट्यावरून अचानक ठोकळ्यांवर पडतं. डांबरावर हे क्षणभरच जाणवतं, पण सैल खडीवर तेवढ्यात चाक निसटतं. म्हणून विकत घेताना टायर हातात धरून अंगठा मधून कडेपर्यंत फिरवावा. उंची हळूहळू वाढत गेली तर तो आपल्या कामाचा. मधल्या ठोकळ्यांची रांग जवळजवळ सलग हवी आणि ते बुटके हवेत. कडेचे ठोकळे मोठे असले तरी त्यांच्या बुडाशी रबराचा आधार हवा, नाहीतर ते वाकतात.

रबराची मऊ-कडकता शोर ए या मापाने मोजतात. साठीच्या आसपास मधला, सत्तरीला कडक. मऊ रबर ओल्या काँक्रीटला आणि काळ्या कातळाला धरतं, पण झिजतं लवकर. मधे कडक आणि कडेला मऊ अशी दोन रबरं एकाच टायरवर असतील तर आपल्यासारख्यांना तेच सोयीचं. स्वस्त टायरांवर आकडा छापलेला नसतो. तिथे काकांचं नख.

रुंदीबद्दल माझं मत पक्कं आहे: १.९५ ते २.२ इंच. बारीक टायर हलका पळतो असं वाटतं, पण हवा सारखीच ठेवली तर रुंद टायरचा रस्त्याला टेकलेला भाग आखूड असतो, टायर कमी दबतो आणि सोपा फिरतो. रुंद टायर जड वाटतो तो वजनामुळे आणि ठोकळ्यांमुळे. बुटक्या नक्षीचा दोन इंची टायर पेव्हर ब्लॉकच्या कडा सहज गिळतो. हवा मात्र मोजून भरायला हवी. सत्तर किलोच्या स्वाराला ट्यूबच्या टायरात डांबरावर ४० ते ४५ पीएसआय ठीक, उपवनच्या पुढे माती लागली की ३० ते ३२. पुढच्या चाकात नेहमीच दोन-तीन कमी. पंक्चरवाल्याकडे टायर दगडासारखा होईपर्यंत हवा मारून घेतली तर चांगल्यातला चांगला टायरही उड्या मारतो आणि घसरतो.

पंक्चरची आमची मुख्य पिडा म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून सुटलेली केसाएवढी पोलादी तार. ती नक्षीच्या जाडीला दाद देत नाही, आतला संरक्षक पट्टा मात्र तिला बऱ्याचदा अडवतो. ट्यूब घेताना मोटारसायकलीच्या वॉल्वचीच घ्यावी. बारीक लांब प्रेस्टा वॉल्व असेल तर तो छोटा पितळी अडॅप्टर पिशवीत कायम ठेवावा, कारण रस्त्याकडेच्या पंपाची तोटी त्यावर बसत नाही.

माझ्या सायकलवर आता ऑक्टोबर ते मे दोन्हीकडे बुटक्या नक्षीचे ५०-५५९ असतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुढचा काढून मऊ रबराचा, विरळ ठोकळ्यांचा ५४-५५९ चढवतो. विरळ यासाठी, की येऊरचा लाल चिखल दाट नक्षीत एकदा बसला की निघत नाही आणि शंभर पावलांत चाक मडक्यासारखं गोल होतं. मागचा तसाच ठेवतो. चढावर तो कधीकधी जागच्या जागी फिरतो, तेव्हा उतरून ढकलतो. परतीच्या वाटेवर उपवनला थांबून हातपंपाने पुन्हा ४० पर्यंत हवा भरतो आणि एलबीएसला लागतो.